बळकट राज्य कोणासाठी?

आणीबाणीचा इतिहास आपल्याकडे मुख्यतः तुरुंगात गेलेल्यांनी लिहिला. तो खोटा नाही. शहा आयोगाच्या नोंदीनुसार एक लाखाहून अधिक माणसे अटकेत वा स्थानबद्धतेत गेली. पण हा इतिहास अपुरा आहे. शिरूर-दौंडकडच्या पारधी वस्तीला पोलिसाची भीती जून १९७५ मध्ये नव्याने कळली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच गुन्हा ठरवला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि संशय तसाच राहिला. सार्वजनिक सुरक्षितता म्हणजे दुसऱ्याच्या घराची राखण, एवढाच अर्थ या वस्तीला ठाऊक होता.

मग इंदिरा गांधी आपल्या माणसांना जवळच्या का वाटल्या? वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनाचे नाव होते. १९७५ मध्ये महाराष्ट्रात कर्जमुक्तीचा वटहुकूम निघाला, १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. नामदेव ढसाळांसारख्या पँथरनेही आणीबाणीला पाठिंबा दिला. पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला हुकूमशाहीपेक्षा सावकाराची धास्ती अधिक वाटली, हे त्याचे अज्ञान नव्हे. लोकशाही त्याच्या दारापर्यंत पोचली नव्हती.

पण हुकमाने मिळालेले हुकमानेच जाते. १९७६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. तरी १९७६-७७ या वर्षात देशभर ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. वरून आकडा ठरून आला, की ज्याच्यामागे वकील नाही तो आधी सापडतो. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धाला सुटकेची दाद मागण्याचा मार्गही बंद केला. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना होते. बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले ते न्यायालयात दाद मागण्याचा हक्क देणाऱ्या कलमाला, ते उगाच नव्हे.

मी ज्यांना इतिहास शिकवतो ती मुले विचारतात, "सर, खंबीर नेता नसेल तर गुंडगिरी कशी थांबणार?" प्रश्न खरा आहे. संरक्षण आपल्यालाही हवे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा राज्याचे बळच मागतो. मात्र त्या बळाला जाब विचारता आला पाहिजे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, त्यालाही हीच कसोटी लावावी: व्याख्या किती सैल, आणि वस्तीतल्या पोराला उचलले तर त्याच्या आईने दाद कुठे मागायची? राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बजावले होते. नेता आपल्या भल्याचे बोलतो तेव्हाच हा इशारा अधिक आठवावा.