उष्णता पंप व गॅस बॉयलर : संयुक्त गृहतापन

थंड प्रदेशातील घर उबदार राखण्यासाठी विजेवर चालणारा उष्णता पंप आणि नैसर्गिक वायूवर चालणारा बॉयलर ही दोन साधने रेडिएटरच्या एकाच जलवाहिनीवर जोडून, ज्या वेळी ज्याची उष्णता स्वस्त पडेल त्या वेळी ते चालविण्याची पद्धती. गॅसची नळजोडणी घरोघर पोहोचलेल्या ब्रिटन व नेदर्लंड्स या देशांत तिचा विचार विशेषेकरून होतो. (बॉयलर हे नाव येथे केवळ रूढीने टिकले आहे, घरगुती यंत्रात पाणी उकळू दिले जात नाही.)

फ्रिज ज्याप्रमाणे आपल्या पोटातील उष्णता पाठीमागच्या जाळीवाटे स्वयंपाकघरात सोडतो, त्याचप्रमाणे उष्णता पंप बाहेरच्या गार हवेतील उष्णता प्रशीतकात शोषून आणि संपीडकाने तिचे तापमान वाढवून रेडिएटरच्या पाण्यास देतो. ही कल्पना विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ मध्ये मांडली. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलसाठी १९५१ साली टेम्स नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप योजिला गेला.

विजेच्या एका युनिटामागे मिळणाऱ्या उष्णतेच्या युनिटांस कार्यगुणांक म्हणतात, आणि खर्चाचा सारा हिशेब त्याच्याभोवती फिरतो. उदाहरणादाखल वीज २४ पेन्स व गॅस ६ पेन्स प्रतियुनिट धरल्यास, ९० टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरची उष्णता सुमारे ६.७ पेन्सांस पडते. तितक्याच खर्चात पंप चालावयाचा तर त्याचा कार्यगुणांक ३.६ हवा. त्याहून तो अधिक असेतोवर पंप किफायतशीर, कमी होताच बॉयलर. बाहेरची थंडी वाढेल तसा कार्यगुणांक घटतो, म्हणजे पंपाकडून बॉयलरकडे अदलाबदलीचे बाहेरील तापमान दरांच्या प्रमाणावरून ठरते, आणि बसविणाऱ्याने एकदा लावून दिलेला आकडा दर बदलल्यावरही तसाच ठेवणे हा निव्वळ आळस होय.

कार्यगुणांक मात्र स्थिर नसतो. शून्याच्या आसपासच्या दमट हवेत बाहेरील यंत्राच्या पत्र्यांवर हिमाचा पांढरा थर चढतो; मग पंखा थांबतो, यंत्र काही मिनिटे उलटे चालून घरातलीच ऊब त्या हिमावर खर्च करते, वाफेचा लोट उठतो आणि खाली पाणी ठिबकू लागते. तरीही पंपाचा खरा वैरी बाहेरच्या थंडीइतकेच रेडिएटरचे अतितप्त पाणी असते. ५५ अंशांऐवजी ४० अंशांच्या पाण्यावर घर भागविता आले, तर कार्यगुणांक लक्षणीय वाढतो. त्यासाठी रेडिएटर मोठे करणे व ते मंद पण अखंड चालविणे इष्ट. याच तजविजीने संघनक जातीच्या बॉयलरचाही लाभ होतो, कारण परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांखाली असल्यावाचून धुरातील बाष्प पुरते निवळत नाही व त्यातील उष्णता हाती येत नाही.

अतिशीत तास वर्षाकाठी थोडेच असल्यामुळे, कमाल गरजेच्या निम्म्या शक्तीचा पंपही हंगामातील बहुतांश उष्णता पुरवू शकतो. उरलेला भार बॉयलर उचलतो. परंतु बॉयलर राखला की गॅसजोडणीचा दैनिक स्थिर आकार उन्हाळ्यातही भरावा लागतो, शिवाय वार्षिक देखभाल वेगळी. ज्या घरात स्वयंपाकही विजेवर होतो आणि पंपाचा हंगामी कार्यगुणांक दरांच्या प्रमाणास पुरून उरतो, तेथे बॉयलर ठेवण्यापेक्षा गॅसची जोडणीच तोडणे स्वस्त पडते.