हिंग, आंबा आणि दुःखी झाड

आंब्याची चर्चा रंगात आलेली असतानाच मोलकरीण सांगत येते की, मुंबईचं कूळ आलंय, आंब्यांची टोपली घेऊन. होडी बांधून ते इथेच मुक्कामाला येणार आहे. एखाद्या नाटकात शोभावा असा हा प्रवेश आहे गोव्यात १० एप्रिल १५६३ रोजी छापून झालेल्या वनस्पतींवरच्या ग्रंथातला.

लेखक गार्सिया द ओर्ता. पेशाने वैद्य. १५३४ साली पोर्तुगालहून गोव्यात आला आणि इथलाच झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचं जाणंयेणं होतं आणि मुंबई बेट त्याने खंडाने घेतलं होतं. टोपलीतले आंबे तिथलेच. ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिणं त्याला सहज जमलं असतं. पण इथे राहणाऱ्या साऱ्यांना वाचता यावा म्हणून त्याने तो पोर्तुगीजमध्ये लिहिला, तोही गप्पांच्या रूपात. समोर बसवला रुआनो नावाचा कल्पित पाहुणा. नुकताच बोटीतून उतरलेला हा विद्वान ग्रीक वैद्यांचे दाखले देतो, ओर्ता त्याला बाजारातली वस्तू दाखवतो. स्पेनमध्ये असतो तर ग्रीक वैद्य गॅलनविरुद्ध बोलायची आपली छाती झाली नसती, अशी कबुलीही ओर्ता देऊन टाकतो.

हिंगाचं प्रकरण तर खासच. विजयनगरला एका पोर्तुगिजाचा घोडा होता, त्याला वाताचा एवढा त्रास की राजा तो विकत घेईना. मालकाने हिंग चारून घोडा बरा केला. राजाने घोडा घेतला, औषध विचारलं, आणि ऐकल्यावर म्हणाला, नवल काय, तू त्याला देवांचं खाणं दिलंस. ते सैतानाचं खाणं असावं, असं पोर्तुगीज पुटपुटला, पण आपल्या भाषेत आणि हळूच! हिंगाचा गुण, वास आणि त्याबद्दलची दोन मतं, सगळं एका किश्शात आलं.

छपाई मात्र यथातथाच. गोव्यात छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती; शुद्धिपत्रानेच पानंच्या पानं खाल्ली.

ग्रंथाची एक प्रत लिस्बनमध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती पडली. १५६७ मध्ये अँटवर्पहून त्याने लॅटिन संक्षेप काढला. चित्रं घातली, टीपा जोडल्या आणि गप्पा काढून टाकल्या. युरोपभर ओर्ता पोचला तो या कापलेल्या रूपात. विद्वानांची सोय झाली खरी, पण रुआनो गेला आणि टोपलीही गेली.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो जन्माने ज्यू कुळातला, नव-ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती झालेल्या ज्यूंपैकी. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडंही उकरून जाळली.

ग्रंथात पारिजातकही आहे. रात्री फुलून उजाडताच सडा टाकणारं हे झाड पोर्तुगिजांच्या तोंडी ‘दुःखी झाड’ झालं होतं. पारिजातक नावाच्या सरदाराची मुलगी सूर्यावर भाळली, त्याने तिला टाकलं, तिने जीव दिला आणि चितेच्या राखेतून हे झाड उगवलं, ही इथली कथा ओर्ताने नोंदवली. शिवाय नारिंगी देठांनी केशरासारखं जेवण रंगवतात, हेही. १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने झाडाला शास्त्रीय नाव दिलं: निक्टँथेस आर्बोर-ट्रिस्टिस. त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ अजूनही तोच, दुःखी झाड.