पुसला जाणारा इतिहास

अक्कलकुव्याजवळच्या खापर गावी मी मुलांना इतिहास शिकवतो. गुजरातची हद्द जवळच. दारापुढच्या रांगोळीला पलीकडे ‘साथिया’ म्हणतात. ही कला जुनी. इ. स. ११२६ ते ११३८ या काळात राज्य केलेला कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात धूलिचित्रांची नोंद केली आहे. राजाचे नाव राहिले. अंगणे सजवणाऱ्या बायांची नावे मात्र कोणी लिहिली नाहीत.

तमिळ घरांतल्या कोलमात तांदळाच्या पिठाची रेघ ठिपक्यांना वळसे घालत जाते. आपल्याकडे शिरगोळ्याच्या पुडीने बहुधा ठिपकेच सांधतात. हे गणित वहीत नसते, बोटांत असते.

वडील गेले त्या वर्षी आईने रांगोळीचा डबा फडताळात ठेवून दिला. विधवेने रांगोळी काढू नये, ही रूढी. तिला कोणी बजावले नव्हते. बजावावे लागतच नाही.

गेल्या दिवाळीत माझी मुलगी अंगणात अडून बसली. उंबऱ्याआडून आई म्हणाली, “अकरा ते सहा. मधली ओळ अकराची, मग वर-खाली एकेक कमी.” मुलगी तरी चुकतच राहिली. शेवटी आई बाहेर आली, खाली बसली आणि तिने चिमूट उचलली.

दुसऱ्या दिवशी ती रांगोळी झाडली गेली. यंदा डबा मात्र उंबऱ्यापाशीच आहे.