पांढऱ्या चादरींआडची मुले

एकाकीपण हा विषय आपण साहित्याच्या वर्गात शिकवतो, तो बहुधा कवितेच्या निमित्ताने. त्याने शरीर खंगते, प्रसंगी जीवही जातो, हे वैद्यकाच्या गळी उतरण्याची कथा निराळी आहे. तिच्यातील एक टप्पा आम्हांस फार अस्वस्थ करतो.

व्हिएन्नात जन्मलेले मनोविश्लेषक रेने स्पिट्झ यांनी १९४५ साली अमेरिकेत दोन संस्थांतील तान्ह्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. एक होते निराधार मुलांचे अर्भकालय. दुसरे स्त्रियांच्या तुरुंगाला जोडलेले संगोपनगृह. तिथे कैदी आयाच आपापली मुले सांभाळीत. अर्भकालयात स्वच्छता, आहार, डॉक्टरांची देखरेख, कशात काही उणे नव्हते. उणीव होती माणसांची. एकेका परिचारिकेकडे आठ-आठ मुले. खाटेच्या कठड्यांवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या असत, त्यामुळे उताण्या पडलेल्या बाळाला दिसे ते केवळ छत. जंतूंच्या धास्तीचा तो काळ. मुलाला माणसांपासून दूर ठेवणे हेच शहाणपण मानले जाई.

गोवराची साथ आली तेव्हा अडीच वर्षांपर्यंतच्या ८८ मुलांपैकी २३ दगावली. पुढल्या वर्षीच्या पाहणीत स्पिट्झ यांनी नोंदवले, की मूळच्या ९१ मुलांपैकी सुमारे ३७ टक्के दोन वर्षांत मरण पावली होती. तुरुंगातले एकही मूल गेले नाही.

स्पिट्झ यांच्या पद्धतीवर १९५५ साली सॅम्युअल पिनो यांनी कठोर टीका केली, आणि तिच्यात तथ्य होते: दोन गटांची पार्श्वभूमीच भिन्न होती. आमचा आक्षेप जरा वेगळा आहे. स्पिट्झ आणि त्यांच्यामागून जॉन बोल्बी यांनी सारा भर ‘आई’ या शब्दावर दिला. त्याचा जाच पुढे नोकरी करणाऱ्या कित्येक स्त्रियांना झाला. (शब्दांचे दुष्परिणाम आपल्याला निराळे सांगायला नकोत.) पण चादरींआडच्या त्या मुलाला हवे होते ते एक ओळखीचे माणूस, ती जन्मदात्रीच असायला हवी, असे त्या आकड्यांतून कुठे सिद्ध होते?

तरीही या लेखनाने दारे उघडली, हे मान्य करावे लागते. रुग्णालयातील मुलांना आईवडिलांनी केव्हाही भेटावे, अशी शिफारस ब्रिटनमध्ये १९५९ सालच्या प्लॅट अहवालाने केली.

पुढे बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतील १३६ मुलांपैकी निम्मी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून, पालक कुटुंबांकडे सोपवण्यात आली. त्यांची उंची आणि वजन भराभर वाढू लागले. सांभाळणाऱ्या त्या बायकांपैकी कुणीही त्यांची जन्मदात्री नव्हती.