लक्षणे कोणी लिहायची?

मराठी माणूस भेटला की विचारतो, "काय, प्रकृती कशी आहे?" उत्तरात गुडघेदुखी येते, रक्तदाब येतो. प्रकृती म्हणजे तब्येत, असेच आपण धरून चालतो. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत मात्र प्रकृती म्हणजे माणसाची मूळ घडण. तो कसा बोलतो, किती खातो, चटकन रागावतो की उशिरा, ऐकलेले लवकर विसरतो की जन्मभर धरून ठेवतो, हे सगळे त्या शब्दात येते. दुसरा शब्द 'मिजास'. मराठीत तो 'तोरा' या अर्थाने उरला आहे. अरबीतला मूळ शब्द 'मिजाज', म्हणजे मिश्रण. शरीरातील द्रवांचे ज्याचे जसे मिश्रण, तसा त्याचा स्वभाव. माणसांचे प्रकार पाडण्याची खटाटोप किती जुनी आहे आणि किती वाटांनी आपल्यापर्यंत आली आहे, हे या दोन शब्दांवरूनही कळते.

पहिले वर्गीकरण करणारे बहुधा वैद्यच. चरकसंहितेच्या विमानस्थानात वातप्रकृतीचा माणूस चंचल आणि बोलका आहे, पित्तप्रकृतीचा तीक्ष्ण आणि सदा भुकेला, कफप्रकृतीचा संथ आणि स्थिर. शारीरस्थानात मनाचेही प्रकार आहेत: सात्त्विक सात, राजस सहा, तामस तीन, एकूण 16. त्यांतला अगदी शेवटचा वनस्पतीच्या नावाने ओळखला जातो, कारण त्याला खाण्यापलीकडे फारसे काही सुचत नाही. तिकडे दुसऱ्या शतकात पर्गामम नगरीचा वैद्य गेलेन याने रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांवरून प्रकृतीची मांडणी केली. त्या परंपरेतूनच उल्हसित, थंड, तापट आणि विषण्ण हे चार स्वभाव युरोपात रूढ झाले. गेलेनचे वैद्यक अरबीतून, फारसीतून हिंदुस्थानात आले. त्याला आपण युनानी म्हणतो. युनानी म्हणजे ग्रीक.

या वैद्यांच्या वर्गीकरणाला एक स्वाभाविक मर्यादा होती. रोगी समोर बसलेला असे. त्याला कोणते औषध, किती आणि कोणत्या ऋतूत द्यायचे, एवढ्यासाठी प्रकार ठरवायचा. औषध लागू पडले नाही, तर वैद्याला आपला अंदाज बदलावा लागे.

दुसरी वाट साहित्याची. ॲरिस्टॉटलनंतर त्याच्या विद्यापीठाची धुरा सांभाळणाऱ्या थिओफ्रास्टसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात 30 स्वभावचित्रे लिहिली. त्यांत खुशमस्कऱ्या आहे, बडबड्या आहे, कंजूष आहे. मराठी वाचकाला ती यादी वाचताना 'दासबोध' आठवणारच. समर्थ रामदासांनी (1608–1682) दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात मूर्खांची लक्षणे एकामागून एक मांडली आहेत. स्वतःची स्तुती करणारा मूर्ख, वाडवडिलांच्या कीर्तीवर मिरवणारा मूर्ख. ऐकणारा आधी हसतो, शेजाऱ्याकडे बघतो, आणि दहाबारा ओव्या झाल्या की गप्प होतो, कारण कुठेतरी त्याचेच लक्षण आलेले असते. अशिक्षित मूर्खांवर हसणाऱ्या शहाण्यांचीही सोय समर्थांनी केली आहे. त्याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्ख येतो.

त्या पहिल्या समासाच्या अखेरीस समर्थ जे सांगतात, ते मला फार मोलाचे वाटते. लक्षणे अगणित आहेत, त्यांतली काही मी सांगितली, ती टाकून देण्यासाठी सांगितली, आणि श्रोत्यांनी मला क्षमा करावी, असा त्याचा भाव आहे. माणसाला प्रकारात बसवणारा ग्रंथकार त्याच माणसाची क्षमा मागतो, आणि प्रकारातून बाहेर पडण्याची वाट उघडी ठेवतो. मूर्ख हा इथे माणसाचा जन्मजात शिक्का ठरत नाही. आज तो मूर्ख असेल, उद्या नसेलही.

विसाव्या शतकात हे काम मानसशास्त्राने हाती घेतले. कार्ल युंगचे 'सायकॉलॉजिकल टाइप्स' मूळ जर्मनमध्ये 1921 साली प्रसिद्ध झाले. त्यामागे एक वैयक्तिक कोडे होते. फ्रॉइड आणि ॲडलर एकाच रोग्याकडे बघून दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि युंगला स्वतःला तिसरीच दिसते, हे कसे? बघणाऱ्याच्या स्वभावाचाच यात वाटा असणार, हे त्याचे उत्तर. त्यातून बहिर्मुख आणि अंतर्मुख ही जोडी आली. विचार, भावना, संवेदना आणि अंतःप्रज्ञा ही चार कार्ये आली. त्या ग्रंथात द्वंद्वांविषयीच्या भारतीय विचाराचीही चर्चा आहे. पुढे 1938 च्या जानेवारीत विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवासाठी युंग कोलकात्यालाही येऊन गेला.

त्याच्या संकल्पनांसाठी आपण मराठीत 'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' हे शब्द घेतले. पण आपल्याकडे या शब्दांना आधीपासून एक आयुष्य होते. कठोपनिषदात इंद्रियांची दारे बाहेर उघडतात आणि एखादाच धीर पुरुष दृष्टी आत वळवतो. त्या परंपरेत अंतर्मुख होणे ही साधना आहे. माणूस अंतर्मुख 'होतो'. आज कोणी "मी अंतर्मुख आहे" म्हणतो, तेव्हा तोच शब्द जन्मखूण बनतो. क्रियापद बदलले आणि त्याबरोबर माणसाविषयीची कल्पनाही बदलली.

युंगचा ग्रंथ 1923 मध्ये इंग्रजीत आला आणि अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज यांच्या हाती पडला. त्या मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. थोरामोठ्यांची चरित्रे वाचून त्या स्वतःच माणसांचे प्रकार पाडत होत्या. युंग वाचल्यावर त्यांनी आपली मांडणी बाजूला सारली. त्यांची मुलगी इझाबेल मायर्स रहस्यकथा लिहिणारी. दुसऱ्या महायुद्धात असंख्य स्त्रिया पहिल्यांदाच कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला लागल्या, तेव्हा कोणाला कोणते काम मानवेल हे ठरवायला उपयोगी पडेल अशी प्रश्नावली तिने रचायला घेतली. आज जगभर तिला मायर्स-ब्रिग्ज चाचणी म्हणतात. चार जोड्या, प्रत्येकीतून एक बाजू, म्हणून प्रकार पुन्हा 16. चरकाच्या 16 शी त्यांचा काहीही संबंध नाही. आकडा जुळला, इतकेच.

या चाचणीवर मानसशास्त्रज्ञांचा आक्षेप साधा आहे. बहुतेक माणसे दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. मधोमध रेघ ओढली, की रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचा जवळजवळ सारखेच असूनही वेगळ्या नावाचे होतात. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा उत्तरे दिली, तर अनेकांची एखादी तरी बाजू बदललेली निघते. तरीही इझाबेलच्या मांडणीतल्या दोन गोष्टी विसरू नयेत. तिच्या मते कोणताही प्रकार वाईट नव्हता. आणि निकाल हाती आल्यावर तो आपल्याला पटतो की नाही, हे अखेर ज्याचे त्याने ठरवायचे होते. खुद्द युंगही माणसांना खणांत भरण्याच्या या हौसेला बालिश खेळच समजत होता.

वैद्य, ग्रंथकार, मानसशास्त्रज्ञ: या तिघांच्याही दारात माणसाला "मी असा नाही" म्हणायला जागा होती. आपल्याच देशात माणसांच्या वर्गीकरणाचा एक चौथा इतिहास मात्र असा आहे, की त्यात ही जागा कायद्यानेच बंद केली होती.

1871 साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तर हिंदुस्थानात लागू असलेला हा कायदा 1911 मध्ये विस्तारला आणि मुंबई इलाख्यातही आला. यात स्वभाव ठरायचा तो जन्मावरून. एखादी जमात अधिसूचित झाली, की तिच्यातले मूलही संशयित म्हणूनच जन्माला येई. नोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय हद्द ओलांडली तर शिक्षा. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. कुंपणाला लोकांनी सेटलमेंट हेच नाव दिले. आणि 1871 च्या कायद्यातले एक कलम सर्वांत बोलके आहे: त्या अधिसूचनेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. समर्थांनी श्रोत्यांची क्षमा मागितली होती. इथे लक्षण लिहिणाऱ्याने श्रोत्याचे तोंडच बंद केले होते.

हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' ठरल्या. सरकारी कागदावरचे नाव बदलले. गावाच्या आणि पोलिसांच्या तोंडातले नाव सहजासहजी बदलले नाही.

1987 साली लक्ष्मण गायकवाड यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाचे नाव त्यांनी ठेवले 'उचल्या'. उचलेगिरी करणारा तो उचल्या. समाजाने एका संपूर्ण जमातीला चिकटवलेले हे नाव. लेखकाने ते मुखपृष्ठावर घेतले आणि आतल्या पानापानांत त्या नावात न मावणारी माणसे उभी केली: उपाशी राहणारी, मार खाणारी, मुलाला शाळेत घालावे की नाही यावर घरात वाद घालणारी. इंग्रजी अनुवादाचे नाव 'द ब्रँडेड', म्हणजे डाग दिलेला. मूळ नावात डागाबरोबर एक आव्हानही आहे, ते या भाषांतरात थोडे हरवते.

आपला स्वभाव कोणत्या प्रकारचा, हे जाणून घ्यावेसे वाटण्यात गैर काही नाही. आपण एकटेच असे नाही, आपल्यासारखे आणखी कोणी आहेत, हा दिलासा माणसाला हवा असतो. वैद्याने वात म्हटले, प्रश्नावलीने अंतर्मुख म्हटले, ओवीने पढतमूर्ख म्हटले, तर त्या आरशात बघून घ्यावे. पण बघताना एवढे विचारावे: हे लक्षण कोणी लिहिले, कशासाठी लिहिले, आणि ते खोडायला माझ्या हातात लेखणी आहे का? लेखणी आपल्या हाती असेल, तर लक्षणांची यादी स्वतःला ओळखायला मदत करते. ती काढून घेतली, तर तीच यादी हजेरीपट होते.