मर्दन-व्यवसाय (सिंधुदुर्ग) : परवाना व मानके
बाळंतिणीस व अर्भकास खोबरेलाने चोळून न्हाऊ घालणाऱ्या कोकणातील अनुभवी स्त्रियांस त्यांच्या कौशल्याची सनद कोणी कधी विचारली नाही. परंतु १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा घोषित होऊन मालवण किनाऱ्यावर परक्यांची वर्दळ वाढली, तेव्हा अनोळखी हातांच्या पात्रतेचा प्रश्न अपरिहार्य ठरला. कायद्याची विभागणी मोठी चमत्कारिक : आयुर्वेदीय वैद्यास १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमान्वये, तर भौतिकोपचारकास २००२ च्या अधिनियमान्वये नोंदणी आवश्यक असता, केवळ मर्दन करणाऱ्याची स्वतंत्र वैधानिक नोंदवही राज्यात नाही. कौशल्य-प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे मिळतात. ती ऐच्छिक होत. दुकानाचा दाखला हा कौशल्याचा पुरावा नव्हे. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने अजीर्ण झालेल्यास अभ्यंग (तेलमर्दन) वर्ज्य सांगितला आहे. निदान एवढी विचारपूस न करणाऱ्याकडे ग्राहकाने जाऊ नये.