बरोबर म्हणजे किती बरोबर?

गणकयंत्रास एक दशांश आणि दोन दशांश यांची बेरीज करावयास सांगावी, आणि ती तीन दशांशांबरोबर आहे काय, असे विचारावे. नेहमीच्या चौसष्ट-अंकी मांडणीत यंत्र 'नाही' म्हणते! शाळेतले पोर हसेल. पण यंत्र खोटे बोलत नाही.

त्याचा सारा हिशेब दोहोंच्या पटीत चालतो. अर्धा, पाव, अर्धपाव, रुपयाचा सोळावा हिस्सा जो आणा तो, या सर्वांना त्याच्याकडे नेमके घर आहे. १९५७ साली दशमान नाणी आली, त्यापूर्वीचा आपला आणे-पैशांचा हिशेब त्याला बिनचूक साधला असता. (पईचे नाव मात्र काढू नये!) एक दशांश त्याला नेमका लिहिताच येत नाही. आपण एक तृतीयांश ०.३३३ असा लिहीत बसतो आणि शेवट येत नाही, तशीच त्याची गत होते. कोठे तरी तोडावेच लागते.

१९४१ साली बर्लिनमध्ये कोनराड त्सुझे याने पुऱ्या केलेल्या झेड-३ यंत्रात ही तरत्या बिंदूची, म्हणजे फ्लोटिंग पॉइंटची, मांडणी होती. पुढे प्रत्येक कारखानदाराने तोडण्याची रीत आपापली ठेवली. यंत्र बदलले की उत्तर बदले. बर्कले येथील विल्यम काहान यांच्या खटपटीने १९८५ साली एक प्रमाण ठरले. मोठेच काम ते! तथापि एक दशांशाचे दुखणे राहिलेच. म्हणून जाणता प्रोग्रॅमर दोन संख्या समान आहेत काय, हे सहसा विचारीत नाही. त्यांतील अंतर चालण्याजोगे आहे काय, हे विचारतो. चालण्याजोगे किती, हे मात्र यंत्र सांगत नाही. मुंबई-पुण्याच्या अंतरात वीतभर फरक कोण पाहतो? घड्याळजीला केसभरही खपत नाही.

श्रोतेहो, हा केसभर फरक सौदी अरेबियातील दहरान येथे फार महाग पडला. तेथील पेट्रियट क्षेपणास्त्रयंत्रणेत बिंदू तरता नव्हता, स्थिर होता. पण दुखणे त्याच कुळातले. तिचे घड्याळ दशांश सेकंदांनी मोजी, आणि सेकंद काढताना तो एक दशांश चोवीस द्विअंकांवर तोडलेला असे. तूट दर ठोक्यास सेकंदाच्या एक कोट्यंशाहूनही किंचित कमी. यंत्र शंभर तास अखंड चालले. ३६ लाख ठोके झाले. तूट सुमारे ०.३४ सेकंद झाली. ती सर्वत्र सारखी असती, तर दोन वेळांच्या वजाबाकीत बहुतेक उडून गेली असती. परंतु प्रोग्रॅममध्ये काही जागी सुधारलेले गणित घातले होते, काही जागी जुनेच राहिले होते. एकाच घड्याळाच्या, दोन रीतींनी काढलेल्या वेळा एकमेकींशी जुळेनात.

'फार वेळ' यंत्र चालविल्यास नेम ढळतो, अशी सूचना २१ फेब्रुवारी १९९१ रोजी गेली होती. फार म्हणजे किती, ते तीत लिहिले नव्हते. २५ तारखेस स्कड आले तेव्हा यंत्राने ते भलत्याच जागी शोधले. तेवढ्या तुटीत स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. बराकीतील २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम दहरानला पोहोचला तो २६ तारखेस.